बल्ब गेलाय

"यंदा तारा नाही का लावला?" लिफ्टमध्ये खालच्या काकूंनी विचारलं. त्यांच्या हातात मेथीची जुडी होती, अंगावर शाल, आणि लिफ्टभर ओल्या मेथीचा वास. मी मोबाइलमधून मान वर केली आणि तोंडातून निघून गेलं, "बल्ब गेलाय हो काकू. आणायचा राहतोय." "इश्श, बल्बासाठी काय अडलंय," असं काहीतरी त्या म्हणाल्या, तेवढ्यात दुसरा मजला आला, दार सरकलं आणि त्या उतरल्या. पाचवा मजला येईपर्यंत मी लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघत उभा होतो. बल्ब गेलेला नव्हता. नाताळचा तारा माळ्यावर होता, चादरीच्या जुन्या प्लास्टिकच्या पिशवीत, बल्बसकट, होल्डरसकट, वायरची नीट गुंडाळी करून.

तसं झालं काहीच नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. असले मेसेज सगळ्यांच्याच ग्रुपवर येतात. आपले सण कोणते, परक्यांचे कोणते, मुलांना सांताच्या टोप्या घालू नका, वगैरे. पाठवणारे गृहस्थ चांगले आहेत. दरवर्षी आमच्याकडच्या कलकलांचा, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड फराळाचा, डबा रिकामा करून, घासूनपुसून परत देतात, आणि वर त्यात दोन लाडू घालून देतात. मेसेज पुढे ढकलताना त्यांच्या डोक्यात आम्ही नव्हतोच. खाली अकरा अंगठे आले. मी ते मोजले, हे मात्र कबूल करायला हवं. बायको म्हणाली, लाव की तारा, कोण काय म्हणतंय. मी म्हटलं, बघू. आणि 'बघू' म्हणत म्हणत आगमनकाळाचे, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या दिवसांचे, तीन रविवार गेले.

कोणी काही म्हटलेलंच नव्हतं, आणि मी तारा लपवून मोकळा झालो होतो.

येशूला आपण ओळखतच नाही असं त्याचा शिष्य पेत्र तीनदा म्हणाला आणि कोंबडा आरवला, ही गोष्ट लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकताना आम्हाला पेत्राचा राग यायचा. आम्ही असतो तर छातीठोक सांगितलं असतं, अशी खात्री असायची. माझ्या वेळी कोंबडा नव्हता, लिफ्टची टिंग होती. आणि पेत्राला निदान विचारणाऱ्या दासीची, शिपायांची भीती होती. मला विचारणाऱ्या काकूंच्या हातात मेथी होती.

वसईतल्या गास गावी आजीच्या घरी डिसेंबर लागला की ताटलीत माती पसरून नाचणी पेरायची. आठवड्याभरात तिचे हिरवे केसांसारखे कोंब यायचे आणि ती ताटली येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यापुढे शेत म्हणून ठेवायची. गोठ्याला खरा भाताचा पेंढा, त्यामुळे घरात शिरलं की आधी पेंढ्याचा कोरडा वास, मग मागच्या पडवीतून तळणीचा. आम्ही पोरं काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून कलकलं वळायचो आणि निम्मी कच्चीच खायचो. गोठ्याच्या बरोब्बर वर, भिंतीवर, एका माणसाचं चित्र होतं. तपकिरी झगा, कमरेला दोरी, मागे क्रूस आणि दोन बाजूंनी त्याच्यात घुसलेले दोन भाले. खाली गव्हाणीत गुटगुटीत बाळ आणि वर हा. मला ते फार विचित्र वाटायचं. एकदा आजीला विचारलं, याला इथे का लावलंय? ती म्हणाली, "खिळा तिथंच हाये." मग थोड्या वेळाने, पीठ मळता मळता, "आपलाच पोर तो. वसईचा."

वसईतल्या कुणालाही चित्रातला हा संत गोन्सालो गार्सिया कोण हे सांगावं लागत नाही. त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे, किल्ल्यातल्या पडक्या देवळालाही लोक त्याचंच म्हणतात. (आजी चर्चला देऊळच म्हणायची; मलाही अजून घाईत तोच शब्द येतो.) पण नाव इतकं सवयीचं झालं की माणूस त्यात दिसेनासा होतो. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. पंधरा-सोळाव्या वर्षी पाद्रींबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, इतकी की जपान्यांनी कान देऊन ऐकावी. जेझुइट संघाच्या पाद्रींकडे वर्षानुवर्षं राहून मनासारखं काही घडलं नाही, तेव्हा व्यापारात पडला, पैसा केला, आणि मग मनिलात सगळं सोडून फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर झाला. फादर नाही, साधा ब्रदर. १५९३ मध्ये पुन्हा जपानला गेला तो दुभाष्या म्हणून. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीच्या दरबारात फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाप्तिस्तांचं म्हणणं वसईचा हा माणूस जपानीत सांगत होता. मिश्र घरातली, दोन भाषांच्या मधे उभी राहणारी माणसं आमच्याकडे पुष्कळ. दोन्हीकडचे त्यांना थोडे आपले मानतात आणि थोडे परके.

त्याची गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन, पण तारखांकडे कधी नीट बघितलं नव्हतं. लिफ्टच्या प्रसंगानंतर त्या रात्री झोप येईना म्हणून पुन्हा वाचायला घेतली, आणि एका जागी अडकलो. १५९६ च्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हिदेयोशीच्या हुकमाने या फ्रान्सिस्कनांच्या मठांवर पहारा बसला. ३ जानेवारी १५९७ ला क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि गाड्यांतून धिंड काढली. या दोन तारखांच्या मधे नाताळ येतो.

म्हणजे दाराशी पहारेकरी असताना त्यांनी एक नाताळ काढला.

तो नाताळ मी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. क्योतोची थंडी म्हणजे आमच्या वसईतल्या माणसाची हाडं गोठवणारी. बाहेर शिपायांच्या शेकोट्या असतील, त्यांचं आपसातलं बोलणं. आतल्या परदेशी लोकांपैकी ते बोलणं अगदी बारकाव्यानिशी कळणारा हा एक. कोणाचं काय ठरलंय, कधी नेणार, हे दाराच्या फटीतून त्यालाच आधी समजलं असेल. इतरांना काय सांगायचं, किती सांगायचं, हे ठरवणं दुभाष्याच्या हातात. मला त्याच्या मरणापेक्षा ही रात्र जास्त छळते.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ऐन हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं. निघाले तेव्हा २४ होते, वाटेत २ वाढले. त्यातले १७ साधे जपानी संसारी लोक, आणि त्यांत तीन पोरं, १२, १३ आणि १४ वर्षांची. थॉमस नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने वाटेत आईला लिहिलेलं पत्र नंतर त्याच्या बापाच्या अंगावर सापडलं. बापही त्याच रांगेत होता. ५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर क्रूस आडवे मांडून ठेवले होते. म्हणतात, सगळ्यांच्या आधी गोन्सालो तिथे पोचला, आणि त्याने समोरच्या क्रूसाकडे बोट करून विचारलं, हा माझा का? नाही म्हणाले, तुझा तो पलीकडचा. तेव्हा तो तिकडे गेला. चौकशीच्या खिडकीवर विचारावं तसा हा प्रश्न. मला वाटतं, आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोललेल्या माणसाचं हे पहिलं पूर्ण स्वतःचं वाक्य असावं. त्यांना खिळे मारले नाहीत; दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी बांधलं, आणि दोन्ही बाजूंनी भाले. आजीच्या भिंतीवर होते ते हेच.

आता इथे मला एक गाठ आहे, ती सोडवता येत नाही, नुसती चाचपता येते. शाळेत चौथीत वसईची मोहीम होती. चिमाजी अप्पांचं ते तोफेच्या तोंडी मस्तक बांधायचं वाक्य मी वर्गात उभा राहून इतक्या जोशात म्हटलं की बाईंनी पाठ थोपटली. मधल्या सुट्टीत एका मित्राने अगदी सरळपणे विचारलं, "पण तू कुठल्या बाजूचा?" आम्ही तेव्हा त्याच किल्ल्यात क्रिकेट खेळायचो, आणि बोल्ड झालो की चेंडू आणायला गोन्सालोच्या देवळामागे पळायचं. मी म्हटलं, मराठ्यांच्या. ते खोटं नव्हतं. पण घरी आल्यावर आजीला सांगितलं नाही.

ज्यांनी गोन्सालोला क्रूसाचा धर्म दिला त्याच पोर्तुगिजांनी त्याच काळात गोव्यात काय केलं, तेही काकूंमुळे मला जास्त जवळून कळलं. काकूंचं कुलदैवत मंगेशी. १५६० मध्ये देवाला कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला नेलं, ती कहाणी त्या अशी सांगतात जशी काही त्यांनी स्वतः पालखीला खांदा दिला होता. "रात्रीची नेली हो मूर्ती, होडीतून. दिवा लावायची सोय नाही." हे त्यांनी मला एका नाताळातच सांगितलं, आमच्या घरी, दोदोल या मिठाईचा तुकडा हातात घेऊन. बोलण्यात टोमणा नव्हता. मला मात्र दोदोल गिळवेना. गोन्सालो तेव्हा वसईत तीन-चार वर्षांचं पोर असेल. दिवा विझवून देव नेणारे कोण आणि कोणापासून, याचं उत्तर नागासाकीत एक येतं आणि झुआरी नदीच्या काठी दुसरं. नाताळात छळ झालेल्यांची आठवण काढा, असं फादर प्रवचनात म्हणतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हल्ली ती होडीही येते. ती यावी असं फादरांच्या मनात नसणार.

पण त्या रात्री मला धरून ठेवलं ते मेलेल्यांनी नाही, जगलेल्यांनी. १६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर सरसकट बंदी आली, ती उठायला १८७३ उजाडलं. नागासाकीत दरवर्षी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत घरोघरच्या माणसांना ओळीने उभं करून येशूच्या किंवा मारियाच्या धातूच्या पत्र्यावर पाय ठेवायला लावायचे. ठेवला नाही तर तुरुंग, छळ, मरण. आणि हजारो लोकांनी पाय ठेवला. ठेवून घरी आले, दार लावलं आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. त्या प्रार्थनेला ते 'कोंचिरिसान' म्हणत, मूळ शब्द पोर्तुगीज. तसा त्यांचा 'कुरुसु' आणि आपला क्रूस एकच, त्यांचा 'पान' आणि आपला पाव एकच, आणि आपला नाताळही त्याच जहाजातून उतरलेला. पुढच्या वर्षी पुन्हा पत्रा, पुन्हा पाय, पुन्हा कोंचिरिसान. आजोबांनी केलं, बापाने केलं, नातवाने केलं.

त्यांच्यात पाद्री उरला नव्हता. गावात एक माणूस बाप्तिस्म्याचं पाणी देणारा आणि एक वही सांभाळणारा. वहीत सणांच्या तारखा. देव्हाऱ्यात पांढऱ्या चिनी मातीची कान्नोन, कडेवर मूल घेतलेली. बघणाऱ्याला बौद्ध करुणादेवी, घरच्यांना मारिया. लॅटिन प्रार्थना तोंडातोंडी जाता जाता अशा झिजल्या की म्हणणाऱ्यालाही अर्थ लागेना. आमच्या आजीचीही एक लांबलचक पोर्तुगीज प्रार्थना होती, तिचा अर्थ घरात कुणालाच येत नसे, तिलाही नाही. पण अर्थ विचारला की ती रागवायची.

मग १८६५. नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा चर्च नुकतं बांधलं होतं, आणि ते त्या २६ जणांच्याच नावाने, म्हणजे त्यात आमचा वसईकरही आला. १७ मार्चला दुपारी उराकामी गावातले पंधराएक शेतकरी, बाया-बापे-पोरं, दाराशी घुटमळत उभे. फ्रेंच पाद्री बर्नार पतिजाँ प्रार्थना करत होते. एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाली की आमचं आणि तुमचं काळीज एकच आहे. आणि पुढे विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? मूर्तीच्या कडेवर बाळ येशू बघून त्यांना त्याचा वाढदिवस आठवला. त्यांनी सांगितलं, थंडीच्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी आम्ही तो सण पाळतो. त्या दिवशी मध्यरात्री तो गोठ्यात जन्मला.

तारीख चुकली नव्हती. अडीचशे वर्षं वही सांभाळणाऱ्यांनी ती सांभाळली होती. आणि ही सगळी माणसं पत्र्यावर पाय दिलेल्या घरांतली.

टेकडीवर गेले ते २६ संत झाले, १८६२ मध्ये, तेही रीतसर. पण नाताळ कोणी वाचवला, असं विचारलं तर बोट ज्यांच्याकडे दाखवावं लागतं त्यांच्या नावाने देऊळ नाही. हे वाचून मला क्षणभर फार बरं वाटलं. म्हटलं, चला, लपवणाऱ्यांचीही एक परंपरा आहे, आपण तिच्यात बसतो. आणि दुसऱ्याच क्षणी लाज वाटली. त्यांनी भाल्याला भिऊन लपवलं, मुलांना वाचवायला लपवलं, आणि आत दिवा लावला. मी अकरा अंगठ्यांना भिऊन लपवला, आणि आत काहीच लावलं नाही.

त्या शेतकऱ्यांचं पुढे काय झालं तेही गोड नाही. ओळख दाखवल्याची किंमत लगेच वसूल झाली. १८६७ पासून धरपकड, मग उराकामीतले सुमारे ३,४०० जण गावं उठवून लांबलांबच्या प्रांतांत हद्दपार, त्यातले सहाशेहून जास्त परतलेच नाहीत. परतलेल्यांनी काय करावं? गावच्या ज्या मुखियाच्या वाड्यात त्यांना पत्र्यावर पाय ठेवायला लावत, तीच जागा विकत घेऊन तिथे चर्च बांधायला काढलं. ते १९१४ मध्ये उभं राहिलं, आणि ९ ऑगस्ट १९४५ ला अकरा वाजून दोन मिनिटांनी, अणुबॉम्ब जवळच फुटल्यावर, पडलं. बारा हजार ख्रिस्ती लोकांतले सुमारे साडेआठ हजार गेले. त्या वर्षीच्या डिसेंबरात उरलेल्यांनी ढिगारा उपसून एक घंटा शाबूत बाहेर काढली, लाकडाच्या ओंडक्यांना टांगली, आणि नाताळच्या आदल्या रात्री वाजवली.

घंटेचं वाचलं की मला मेणवली आठवते. वसई पडल्यावर, १७३९ नंतर, पोर्तुगिजांच्या देवळांतल्या घंटा मराठी मुलखात गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. कॉलेजात असताना मेणवलीला गेलो होतो. कृष्णेचं पाणी उतरलेलं, घाटावर कोणीतरी गोधड्या धूत होतं. ओतीव घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. मी बोटाने तिची कडा चाचपली, धातू उन्हाने तापला होता. जिंकून आणलेली वस्तू. पण पावणेतीनशे वर्षांत ती मारिया कोणी कानशीने घासून काढली नाही, हेही तितकंच खरं. यातलं कुठलं जास्त खरं धरायचं, ते माझ्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरतं.

लांबचं आठवायला सोपं जातं. २००७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ओडिशात कंधमाळमधल्या ब्राह्मणीगावात नाताळच्या सजावटीवरून वाद पेटला आणि नाताळभर चर्चं, घरं जळत राहिली. लोक थंडीत पोरांना घेऊन जंगलात पळाले. पुढच्या ऑगस्टमध्ये तिथले हिंदू नेते स्वामी लक्ष्मणानंद यांची आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांची हत्या झाली, तिचं खापर ख्रिस्ती लोकांवर फुटलं आणि पुन्हा तेच, कैकपटीने. सरकारी आकड्याने ३९ मृत, पन्नास हजारांहून जास्त बेघर. २००८ च्या मध्यरात्रीच्या मिस्सेत आमच्याकडे 'ओडिशातल्या बंधुभगिनींसाठी' प्रार्थना झाली. मैदानावर मिस्सा होती, दव पडत होतं, खुर्च्या ओल्या. सगळ्यांबरोबर मीही 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हटलं. माझं लक्ष घरी इंद्यालच्या पातेल्याखालचा गॅस बंद केला की नाही याच्यात होतं. वाद सजावटीवरून सुरू झाला होता, हे मला तेव्हा ऐकून माहीत होतं. पण ती सजावट म्हणजे कोणीतरी स्टुलावर चढून बांधलेलं काहीतरी, हे यंदा कळलं.

आई परवा फोनवर म्हणाली, सव्वीसला ये, मिस्सेला जाऊ. नाताळच्या दुसऱ्या दिवशी संत स्तेफन, पहिला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेला. कालपर्यंत पांढऱ्या-सोनेरी झग्यातले फादर त्या दिवशी लाल घालून येतात. बाळ अजून गव्हाणीत, नाचणीचे कोंब अजून हिरवे, आणि वेदीवर लाल. लहानपणी मला वाटायचं, चुकून दुसऱ्या सणाचे कपडे घातले. अठ्ठावीसला हेरोद राजाने मारलेली बाळं, तेव्हाही लाल. आजी म्हणायची त्याप्रमाणे, खिळा तिथंच हाये.

चोवीसला संध्याकाळी साडेपाचला बेल वाजली. दारात काकूंचा नातू. हातात बल्ब, नवाकोरा, खोक्यात. "आजीने दिलाय. म्हणाली, घरात जास्तीचा होता. आणि म्हणाली, रिक्षावाल्याला ताऱ्याची बिल्डिंग सांगायची सवय झालीय, आता काय सांगू." तो मराठी माध्यमातला मुलगा, निरोप शब्दाला शब्द पोचवणारा. मी 'थँक्यू सांग' म्हटलं. तो हलेना. "लावल्यावर हाक मारा, मला बघायचंय."

माळ्यावरून पिशवी काढली. एका टोकाची कामटी सुटली होती, ती चिकटपट्टीने बसवली. होल्डरमधला जुना बल्ब हलवून पाहिला, प्लगला लावून पाहिला. पिवळाधम्मक, झकास पेटत होता. तो काढून बायकोच्या हातात दिला. ती काही बोलली नाही, तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जे होतं तेवढं पुरे होतं. काकूंचा बल्ब निघाला पांढराशुभ्र, बारा वॅटचा. ताऱ्यात तो असा दिसायला लागला की पाचव्या मजल्यावर दातांचा दवाखाना उघडलाय. स्टूल गॅलरीत नेलं, एक पाय डुगडुगत होता, त्याखाली वर्तमानपत्राची घडी घातली.

"आलं का?" खालून काकू ओरडल्या.

"थांबा," मी म्हटलं, "वायर पुरत नाहीये."